वन्संची बोअर

माणूस गेलं की भेटायला येणारे लोक आजार कधीपासून होता ते विचारतात, शेवटी काही बोलल्या का असं हळूच विचारतात, आणि मग घरातल्या इतरांची चौकशी करतात. आमच्या वन्सं गेल्या तेव्हा हे सगळं झालंच, पण चहाचा कप खाली ठेवता ठेवता जवळजवळ प्रत्येकाने आणखी एक प्रश्न विचारला. मग आता बोअरचं काय? पहिल्यांदा मला रागच आला. घरात फोटोला हार घातलेला, आणि ह्यांना बोअर सुचते! पण तिसऱ्या-चौथ्या पाहुण्यानेही तेच विचारलं तेव्हा आमचे हे एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसले. म्हणाले, ‘ताई असती तर तिला हाच प्रश्न सगळ्यात बरा वाटला असता.’

वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, शालिनी. मीरा रोडला सिल्व्हर पार्कातल्या आमच्या सोसायटीत सगळ्यांची शालूताई. राहायच्या आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये, दाराला दार. त्या गेल्या त्या दिवशी मी दवाखान्यातून घरी येऊन त्यांच्यासाठी पेज केली होती. डबा भरून चपला घालत होते तोच ह्यांचा फोन आला. ‘नीला, पेज नको आणूस आता,’ एवढंच म्हणाले. मी डबा हातात घेऊन तशीच त्यांच्या बंद दाराकडे बघत उभी राहिले... ती पेज पुढे काय झाली, कुणी ओतली, मला आजही आठवत नाही.

बोअर खोल करायची हा विषय त्यांच्या आजारपणातच सुरू झाला होता. आमची बोअर पाणी देते ते गोडं, पण बेताचं. वरून सोसायटीत भाडेकरू वाढले, वॉशिंग मशीन घरोघरी आली. आणखी खाली गेलं तर आणखी पाणी लागेल, असं अर्ध्या सोसायटीचं म्हणणं, आणि खाली जाल तर आहे तेही घालवून बसाल, असं वन्संचं. त्या हिंडत्या-फिरत्या असेपर्यंत हा विषय मीटिंगमध्ये आणायची कुणाची छाती झाली नाही. त्या गेल्या आणि दिवसकार्य आटोपल्याबरोबर आमचे चेअरमन मेहताभाई घरी येऊन अदबीने सांगून गेले की पुढच्या मीटिंगला हा विषय घ्यावाच लागेल, आणि शालूबेनच्या वतीने तुम्ही बोला. मला बोअरमधलं काय कळतं, असं मी म्हटलं. पण खरी अडचण वेगळी होती. त्या बोअरबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती, जी सोसायटीत दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हती. ती सांगण्याआधी वन्संबद्दल सांगायला हवं.

वन्सं नोकरीला विमा कंपनीत होत्या. यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. कुणी कीव करायला लागलं की त्या समोरच्यालाच त्याच्या कामाबद्दल असे प्रश्न विचारायच्या की कीव करायची राहूनच जायची. चौकसपणा तर विचारू नका. दातांच्या डॉक्टरकडे आ वासून बसायच्या आधी त्याची सगळी हत्यारं समजून घ्यायच्या. कोळणीला विचारायच्या, सुरमईचे डोळे बघून कळतं म्हणतेस, पण म्हणजे नेमकं काय बघतेस? ह्यांना लहानपणी त्या लाजेने मेल्याहून मेलं करायच्या म्हणे, कारण रस्त्यात कुणी खड्डा खणताना दिसलं की ताई उभी! खड्ड्यात काय निघतंय ते बघितल्याशिवाय शाळेत जायची नाही. शेवटच्या आजारातही स्कॅनच्या मशीनला आतलं कसं दिसतं ते त्यांनी डॉक्टरांकडून कागदावर काढून घेतलं होतं, आणि मला तो कागद दाखवून असं समजावलं, जणू काही आजार दुसऱ्याच कुणाला झाला होता.

मीरा रोडला आधी आल्या त्या वन्संच. आम्ही गिरगावात दोन खोल्यांत होतो. तेव्हा इथे मोकळी जमीन होती, खाडीकडे मिठागरं होती, आणि स्टेशनबाहेर चिखल. ‘हवा आहे, उजेड आहे, माझ्यासमोरचा फ्लॅट रिकामा आहे,’ म्हणून त्यांनी भावाच्या मागे लकडा लावला आणि आम्ही आलो. हवा होती, उजेड होता, पाणी मात्र नव्हतं. नळाला पाणी यायचं ते कधी यायचं त्यालाच ठाऊक, आणि उन्हाळ्यात टँकर. टँकर आला की जिन्यावरून धावाधाव, कुणाच्या टाकीत किती गेलं यावरून भांडणं. गिरगावात चार बिऱ्हाडांत एक नळ होता, पण त्याला वेळ तरी होती. एका मे महिन्यात माझा धीर सुटला. मी ह्यांना सांगून टाकलं, फ्लॅट विका, आपण नाशिकला माझ्या बहिणीजवळ जाऊ. दाराला दार असल्यावर बोलणं दारापलीकडे गेलंच. संध्याकाळी वन्सं आल्या, स्वयंपाकघरात पाटावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘मला एक उन्हाळा दे, नीला. मी पाणी आणते. तू गेलीस तर मी इथे कुणाशी बोलू?’ एवढं उघड त्या कधी बोलत नसत. मी मान डोलावली.

तहान लागल्यावर विहीर खणायला निघालात, असं मी त्यांना चिडवलं, पण त्या निघाल्याच. सोसायटीला पटवलं, वर्गणी काढली, पहिला जो बोअरवाला मिळाला तो बोलावला. त्याची ती अजस्र गाडी आवारात शिरली तेव्हा सगळी बिल्डिंग गॅलरीत. दिवसभर धाड् धाड् चाललं, सगळीकडे राखाडी चिखल उडाला, आणि संध्याकाळच्या सुमारास असा फवारा उडाला की पहिल्या मजल्याच्या खिडक्या भिजल्या. काय टाळ्या पडल्या! मेहताभाई आनंदाने ओंजळ भरून पाणी तोंडाला लावणार, तेवढ्यात वन्संनी त्यांचा हात धरला. नव्या पाण्याची आधी पूजा, नैवेद्य, मग तोंडाला लावायचं, त्याआधी उष्टं करायचं नाही. आपल्याकडे नैवेद्याचं चाखतं का कुणी? मेहताभाईंनाही ते पटलं. गाडीवाल्याने हिशेब घेतला आणि तो रात्रीच्या आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी गुरुजी आले, हळदकुंकू वाहिलं, नारळ फुटला, खणानारळाची ओटी भरली, आणि वन्संनी तीर्थ म्हणून पहिली पळी हातावर घेतली... मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांचा चेहरा पाहिला आणि मला न पिताच कळलं. पाणी खारट होतं. नुसतं मचूळ नव्हे, खाडीचं वाटावं असं. गुरुजींनीही कसंबसं गिळलं आणि पुढचा मंत्र म्हणायला घेतला.

त्या पाण्यात डाळ शिजेना, साबणाला फेस येईना. शेवटी ते संडासाच्या टाक्यांना जोडलं. दुसरी कुणी असती तर तोंड लपवून बसली असती, कारण लोक बोलत होतेच. वन्संनाही लागलं होतं. दोन दिवस त्या माझ्याकडे जेवायला आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या प्रश्न घेऊनच. ‘नीला, पाऊस गोडा पडतो. डोंगर आपल्यापासून इतका जवळ. मग ते पाणी गेलं कुठे?’ आणि तिथून त्यांचा जो शोध सुरू झाला, त्यात त्यांनी मलाही ओढलं.

आम्ही दोघी कुठे कुठे हिंडलो त्याची लोकांना गंमत वाटायची. हाटकेशला एका नव्या इमारतीचा पाया खणत होते, तिथे वन्संनी मुकादमाशी ओळख काढली आणि आम्ही दोघी छत्र्या घेऊन खड्ड्याच्या कडेला उभ्या. वर भरावाची माती, विटांचे तुकडे, प्लास्टिक. त्याखाली काळाकुट्ट, चिकट गाळ, आणि त्यात शिंपल्या. म्हणजे जिथे आपण आज बाल्कनीत तुळस लावतो तिथे कधीकाळी भरतीचं पाणी येत होतं. त्या गाळाखाली पिवळट, हाताने भुगा होणारा मुरूम. काशीगावच्या बाजूला रस्त्यासाठी डोंगर कापलेला होता, तिथे त्यांनी मला तोच मुरूम उघड्यावर दाखवला. त्याच्या खालचा दगडही दाखवला. तो अनारशासारखा भोकाभोकांचा आणि तडे गेलेला. आणि त्याच्याही खालचा काळा दगड, ज्यात नखभर फट नाही. डोंगरावरचा पाऊस ह्या मुरमातून आणि तड्यांतून झिरपत आपल्याकडे येतो, असं त्या म्हणायच्या. मला ते ऐकून विलक्षण वाटायचं. आपण ज्या फरशीवर बसून भाजी निवडतो तिच्या खालून डोंगरातलं पाणी हळूहळू चाललेलं आहे, हा विचार आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या मनात आला.

सगळ्यात मोठा धडा मिळाला तो उत्तनला. वन्संच्या ऑफिसातली एक जुनी मैत्रीण तिथली, रोझी नावाची. तिच्या वाडीतली विहीर समुद्रापासून इतकी जवळ की लाटांचा आवाज येतो, आणि पाणी गोड. तिथला दगडही आमच्याकडच्यासारखा काळा नाही, फिकट. वन्संनी त्याचाही तुकडा पर्समध्ये टाकला. रोझीने सांगितलं की भरती आली की विहिरीचं पाणी वर चढतं, ओहोटीला उतरतं, तरी चव बदलत नाही. आम्ही भरती येईपर्यंत बसून राहिलो आणि खरंच पाणी वर सरकलं! वन्सं लहान मुलीसारख्या काठावर ओणवून बघत होत्या. ‘दर्या खालशी हाय गं बाय,’ रोझी म्हणाली, ‘गोडा पानी त्याच्यावर बसलाय. रोज जरा जरा काढायचा. हावरापना केला का खारा वर येल, मंग तो जाय न्हाय.’ येताना बसमध्ये वन्सं तो दगडाचा तुकडा हातात फिरवत बसल्या. भाईंदरला उतरताना म्हणाल्या, ‘आपण खोल गेलो म्हणून चुकलो. मला वाटत होतं, पाणी जितकं खाली तितकं चांगलं.’

दुसरी चूक त्यांना मागाहून सापडली. बोअरच्या वरच्या भागात जो पाईप घालतात, केसिंग, तो गाळाच्या पार खाली जाऊन दगडात घट्ट बसला पाहिजे. नाहीतर गाळातला खार पाईपच्या बाजूने आत उतरत राहतो. आमच्या पहिल्या गाडीवाल्याने तो गाळातच सोडून दिला असावा, असा त्यांचा कयास. झालं, वन्सं नवा बोअरवाला शोधायला लागल्या, आणि तो शोध म्हणजे स्थळं बघण्याचाच प्रकार. एकेकाला घरी बोलवायचं, पोहे द्यायचे आणि प्रश्न विचारायचे. एकजण तळहातावर नारळ ठेवून आवारात फिरला आणि जिथे नारळ उभा राहिला तिथे गंगा आहे म्हणाला. वन्संनी त्याला भक्तिभावाने विचारलं, ‘गोडी की खारी?’ नारळाला ते सांगता येत नव्हतं. दुसरा पाण्याची गॅरंटी देत होता. सगळ्यांचा दर फुटावर, आणि वन्सं म्हणायच्या, ज्याला फुटाप्रमाणे पैसे मिळतात तो आपण होऊन कशाला थांबेल? त्याचा काय दोष? म्हणून त्या प्रत्येकाला एकच विचारायच्या, थांबणार कधी?

शेवटी ठरला तो अण्णा. मूळचा तमिळनाडूचा, पण गाडी घेऊन इतकी वर्षं इकडे फिरलेला की मराठी, हिंदी सगळं एकत्र करून बोलायचा. व्यवहाराला चोख. थांबण्याचा प्रश्न ऐकून त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, ‘आप बोलेगा तब रुकेगा. पण गाडी उभी राहिली तरी डिझेल जळतो, उसका पैसा लगेगा.’ वन्सं खूश झाल्या. थांबण्याचा वेगळा दर सांगणारा हा पहिलाच माणूस होता.

ती दुसऱ्या बोअरची सकाळ मला लख्ख आठवते. ह्या वेळी टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, सगळे हाताची घडी घालून उभे. वन्सं पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून गाडीच्या अगदी जवळ. वर येणाऱ्या मातीचे त्यांनी ओळीने ढीग लावायला सांगितले होते. काळा गाळ आला, शिंपल्यांचा चुरा आला, आणि वन्संनी चिमूटभर चिखल उचलून जिभेवर ठेवला! गॅलरीतून कुणीतरी ‘अरे देवा’ म्हणालं. मेहताभाई माझ्याकडे बघायला लागले, जणू मी त्यांना आवरायला हवं होतं. वन्सं थुंकल्या, चूळ भरली आणि म्हणाल्या, खारट. चालू द्या. पिवळा मुरूम आला, पुन्हा जिभेवर. कमी खारट. मग दगड लागला, गाडीचा आवाज बदलला, आणि अण्णाने केसिंग दगडात बसवून, ठोकून दाखवलं. दुपारनंतर भोकाभोकांच्या दगडातून पाण्याची पहिली धार आली. फवारा वगैरे काही नाही, बिचारी साधी धार. वन्संनी सगळ्यांदेखत ओंजळ भरून घेतली. ‘आधी पूजा नाही का?’ मी हळूच विचारलं. ‘एकदा देवाला खारं पाणी पाजलं मी,’ त्या म्हणाल्या. ‘आता मी आधी पिणार. त्याला राग आला तर माझ्यावर येऊ दे.’ प्यायल्या. गोड होतं. मग आम्ही सगळे प्यायलो.

पण पाणी थोडं होतं. मेहताभाई म्हणाले, अजून खाली चला, एवढ्यात काय होणार? वन्संनी आणखी एक रॉड, म्हणजे आणखी काही फूट, खाली जाऊ दिला. धार जरा वाढली. त्यांनी पुन्हा ओंजळ घेतली, पाणी तोंडात घोळवलं, डोळे मिटले. गाडी थांबलेली, डिझेल जळतंय, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. मग डोळे उघडून त्या म्हणाल्या, ‘बास. शेवटी किंचित खार लागतोय. ह्याच्या खाली खारं आहे.’ मीही चाखून पाहिलं. मला काही खार लागला नाही. मेहताभाईंनाही नाही. पण सबंध दिवस जिने चिखल चाखला तिच्या जिभेला नाही म्हणणार कोण? मेहताभाई तरी वाद घालत राहिले, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ह्याचं त्यांचं गुजराती रूपही त्यांनी ऐकवलं. वन्सं हलल्या नाहीत. अण्णाने रॉड वर ओढायला घेतले.

त्यानंतरची वर्षं वन्संनी त्या बोअरला सासुरवाशिणीसारखं जपलं. पंप किती वेळ चालवायचा ते त्याच ठरवायच्या, आणि दर एकादशीला पंप बंद. तिलाही उपास हवा, असं लोकांना सांगायच्या, कारण नुसतं ‘पाण्याला सावरायला वेळ द्या’ म्हटलं असतं तर कुणी ऐकलं नसतं, आणि एकादशी म्हटल्यावर मेहताभाईही गप्प. गच्चीवरचं पावसाचं पाणी खड्ड्यात मुरवायची सोय त्यांनीच करून घेतली. टँकर पुरता थांबला नाही, पण सहसा लागेनासा झाला, आणि स्वयंपाकापुरतं पाणी घरोघरी रोज यायला लागलं. नाशिकचा विषय मी पुन्हा काढला नाही. वन्संनीही तो उन्हाळा कधी ऐकवून दाखवला नाही, आणि नणंद असून त्यांनी तो ऐकवला नाही, ह्याचं मला आजही अप्रूप आहे.

आता मला ठाऊक असलेली ती गोष्ट. दवाखान्यातल्या एका दुपारी त्यांना जरा हुशारी होती. खोल करण्याची कुजबुज त्यांच्या कानावर गेलेली होती. मी सहज विचारलं, ‘वन्सं, त्या दिवशी मला खार लागला नव्हता. तुम्हाला कसा लागला?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गालातल्या गालात हसल्या. ‘मलाही नाही लागला,’ म्हणाल्या. मला वाटलं, औषधांमुळे बोलतायत. पण त्या पूर्ण शुद्धीत होत्या. सांगत होत्या, की पाणी चांगलं गोड होतं. आणखी खाली काय आहे ते त्यांना कळत नव्हतं. काळा दगड लागेल, कोरडं जाईल, खारं लागेल, की धो धो गोडं लागेल, काहीही शक्य होतं. ‘इतका शोध घेतला नीला, पण आपल्या पायाखालचं शेवटी मला कळलं नाही. आणि तुला जाऊ द्यायचं नव्हतं... म्हणून जेवढं हाती आलं तेवढ्यावर थांबले. माहीत नाही म्हटलं असतं तर ह्या लोकांनी खणलं असतं.’ मग थोड्या वेळाने, छताकडे बघत, ‘खाली काय आहे ते बघायला मिळालं असतं तर मात्र आवडलं असतं गं.’

म्हणजे सगळी सोसायटी इतकी वर्षं ज्या जिभेच्या भरवशावर थांबली होती, तिने थाप मारली होती! आणि मीटिंगला मला तिच्या वतीने बोलायचं होतं. खार लागला होता, असं मी म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता, कारण गेलेल्या माणसाच्या शब्दाला कुणी आडवं जात नाही. खरं सांगितलं असतं तर वन्संची बोअर माझ्या हाताने मोडल्यासारखं झालं असतं. चार दिवस मला धड झोप नव्हती. ह्यांना विचारलं तर म्हणाले, ताईने तुला सांगितलंय, तूच ठरव.

मीटिंग खालच्या पार्किंगमध्ये झाली. अण्णालाही बोलावलं होतं, तो आता केसांनी पांढरा झालाय. त्याने आधी वन्संसाठी हात जोडले, मग दर सांगितला. मेहताभाईंनी सरळच विचारलं, ‘नीलाबेन, शालूबेन ने आपको क्या बोला था? नीचे खारा है?’ सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडात ‘हो’ आलेलं होतं, खरं सांगते. पण ज्या बाईने खोटं सांगून ठेवलं होतं तिनेच मरण्याआधी मला खरं सांगितलं होतं, आणि ती काही मला गुपित ठेवायला लावून गेली नव्हती. मी म्हटलं, ‘त्यांना माहीत नव्हतं. खार लागला नव्हता त्यांना. खाली काय आहे ते कळत नव्हतं, म्हणून त्या थांबल्या.’

मग मी अण्णाला विचारलं, खाली गेलो आणि खारं लागलं तर परत आहे तसं होतं का? तो म्हणाला, खालून सिमेंट भरून बघतात, कधी जमतं, कधी वरचंही पाणी जातं. लिहून नाही देणार. मेहताभाईंनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, ‘उनको मालूम नहीं था तो वो रुक गईं. मेरे को मालूम नहीं होता तो मैं खोद डालता. आज भी वही कर रहा था.’ आणि त्यांनी स्वतःच मांडलेला विषय स्वतःच मागे घेतला. कुणी म्हणालं, गच्चीचं पाणी अजून एका खड्ड्यात मुरवता येईल का ते तरी बघू. अण्णा म्हणाला की त्याच्या ओळखीत एकजण जमिनीत वीज सोडून खालचे थर मोजतो, त्याला आधी बोलवा, खणायचं नंतर बघा. सगळ्यांना ते मान्य झालं. वन्सं असत्या तर त्यांनी त्या मशीनवाल्याला दिवसभर सोडलं नसतं.

मागच्या रविवारी वन्संचा फ्लॅट बघायला एक नवरा-बायको आले होते. भाड्याने द्यायचं आम्ही ठरवलंय, विकवत नाही. मी कुलूप काढून देऊन दारातच उभी होते. वन्सं गेल्यापासून त्या घरात मला बसवलेलं नाही. बायको म्हणजे कांदिवलीहून आलेली एक मुलगीच, चुणचुणीत. तिने खिडक्या उघडून पाहिल्या, ओट्यावर हात फिरवला, आणि इथे घर बघायला येणारा प्रत्येकजण विचारतो तेच विचारलं, ‘काकू, पाणी कसं आहे इथे?’

‘थोडं आहे,’ मी म्हटलं, ‘पण गोडं आहे.’

नवरा लगेच डिपॉझिटचं बोलायला लागला. मुलगी मात्र नळ सोडून पाण्याकडे बघत राहिली. म्हणाली, ‘एवढ्या खाडीजवळ गोडं कसं काय?’

मी आत गेले, वन्संच्या स्वयंपाकघरातलं स्टूल ओढलं आणि बसले.